एक अख्खं पॅड

चतुराबाईंचा संशय जन्मजात नव्हता, नोकरीनं लावलेला होता. पंच्याण्णवच्या सुमारास औरंगाबादेत जेलच्या बायकांच्या बराकीवर त्या शिपाई होत्या. एकदा कुणाच्या तरी आईनं पाळीसाठी आणलेल्या पॅडात तंबाखूची पुडी निघाली आणि चतुराबाईंना वरून मेमो आला. तेव्हापासून भेटीला आलेल्यांनी दिलेलं प्रत्येक पॅड त्या ब्लेडनं उभं चिरत. पुन्हा कधी काही सापडलं नाही. चिरलेल्या पॅडाचा मात्र तासाभरात गोळा होई. ज्यांना बाहेरून कुणी आणत नसे, त्यांना चादरीचे तुकडे. चतुराबाई स्वतः बाई होत्या, त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण मेमो त्यांना आला होता.

अजरा बावीसची. भावकीच्या मारामारीत नाव गोवलेलं. जामिनाच्या सुनावणीच्या सकाळी ती म्हणाली, "मी नाय येत कोर्टात."

चतुराबाईंना लगेच संशयाचा वास आला. जामीन नको असलेली बाई त्यांनी पाहिली नव्हती. "का गं? बाहेर कुणी दम दिलाय?"

अजरानं नकारार्थी मान हलवली.

गाडीबरोबर जाणारी पोलीस आशाबाई म्हणाली, "अहो, मागच्या तारखेला दिवसभर व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी होती. पुकारा झाला तरी भिंत सोडंना. मागून सलवार सगळी भरलेली. आता ही तारीख गेली की कोर्टाला सुट्टी लागती."

"तिनं पढवलं का तुम्हाला?"

"मला कशाला पढवंल? तुम्ही चिरलेलंच लावून आलती."

अजराची आई जहांआरा आदल्या दिवशी देवगाव रंगारीहून येऊन पॅडचं पाकीट देऊन गेली होती. चतुराबाईंनी त्यातलं एक काढलं, वाकवलं, हुंगलं, उजेडात धरलं. ब्लेड उचलून परत ठेवलं. मग बराकीत नेऊन पुढं केलं.

अजरानं हात पुढं केला नाही. "आज अख्खं कैसे?"

"घे मुकाट."

"और कोर्ट में झडतीत काही निघालं तर? जामीन गया मेरा."

"मी काय घालणार गं त्यात?"

"वो मैं क्या जानूं, बाई. चिरून द्या."

चतुराबाईंना भयंकर राग आला. "चिरलं की परत भिंतीला उभी राहशील," त्या म्हणाल्या. "घे, तूच तपास."

अजरा खिडकीखाली बसली. अंगठ्यानं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत गेली. उलटं केलं, परत दाबलं. चतुराबाई समोर उभ्या, हात बांधून. बाहेर गाडीनं दोनदा हॉर्न दिला.

"थांबा म्हणावं," त्या आशाबाईला म्हणाल्या, "झडती चालूय."

शेवटी अजरानं पॅड ओढणीखाली घेतलं, मोरीत जाऊन आली आणि कुणाकडं न बघता गाडीत चढली. बाकावर नीट बसली, हे चतुराबाईंनी जाळीतून मुद्दाम पाहून घेतलं.