डालग्यात दबलेली शेपटी

मित्रांनो, आज पाटोद्याच्या प्रदर्शनात मी बँटम, म्हणजे बुटक्या जातीच्या कोंबड्यांचा परीक्षक होतो. एक कोंबडा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

नेकनूरच्या एका मावशींचा तो, एसटीने बांबूच्या डालग्यात घालून आणलेला. छाती भरलेली, पाठ आखूड, पण शेपटी डावीकडे कललेली. हा दोष जन्मजात असेल तर आम्ही पक्षी बाद करतो.

“सायेब, डालग्यात दबलीय ती. घटकाभर मोकळा फिरू द्या, मंग बघा.”

“कोंबडा बी एसटीत अवघडला व्हय, मावशी?” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो आणि कोंबडा बाद केला. दबलेली शेपटी थोड्या वेळात सरळ होते, हे मला ठाऊक होतं.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. मावशी तिथे नेकनूरच्या गाडीची वाट बघत होत्या. पायाला दोरी बांधलेला कोंबडा दाणे टिपत होता. शेपटी ताठ, अगदी सरळ.

“आता बघा, सायेब. आता तर हसायला बी कोणी न्हाई.”

पहिलं बक्षीस दुसऱ्या कोंबड्याला देऊन झालंय. मालकाला फेटाही बांधून झालाय. आयोजकांचा नंबर समोर काढून तासभर बसलोय. तुम्ही फोन केला असता का?