बादलीला लाथ

गारखेड्यात मी अमेरिकन बोलीचा क्लास घेतो. तिकडं निघालेली पोरं येतात. एकदा गंगापूरकडचे एक बाबा मागच्या बाकावर येऊन बसले. डोक्याचा नुकताच गोटा केलेला, मिशाही उतरवलेल्या. बोटं मात्र सवयीनं ओठावर जाऊन पीळ द्यायला मिशी शोधायची.

त्या दिवशी 'किक द बकेट' शिकवत होतो. बादलीला लाथ मारली म्हणजे माणूस मेला, असं सांगितलं आणि वर्ग खिदळला. बाबा हसले नाहीत.

क्लास सुटल्यावर ते टेबलापाशी आले. "सर, लेकराला सांगण्याजोगं यातलं काय हाय?"

त्यांचा नातू अमेरिकेत वाढलेला, मराठी न येणारा. बाबांची बायको नुकतीच गेली. मुलगा पोचू शकला नाही, म्हणून अग्नी त्यांनीच दिला. नातवाला सांगणंही मुलाच्या जिवावर आलं, तेही त्यानं बापावरच टाकलं.

"दर रविवारी फोनवर आजीला दे म्हणतंय. मी म्हणतो, स्लीपिंग. तेवढंच येतं मला."

मरणासाठी माझ्याकडं शब्द पुष्कळ होते, पण सगळे हसण्याचे.

बाबांची बोटं ओठावर गेली. "काल लेकरू म्हणलं, मग उठव की तिला."