बाबीदादाने न चिरलेला भोपळा

बाबीदादाच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, फोन आला त्याला आता महिना होईल. ‘भावजी, हे गेले. तेराव्याक येवा. तुमी येवकच व्हया.’ त्या ‘तुमी’चा अर्थ मी पुरता ओळखून होतो...

संपाच्या वर्षी बाबीदादा आणि मी गिरणीच्या एकाच साचेखात्यात, मागांवर. तो कायम, मी बदली. हात रिकामे झाले तशी त्याने लालबागच्या आमच्या चाळीमागे, संडासाच्या भिंतीलगत, लाल भोपळ्याची बी पुरली. दोन चाळींच्या फटीतून ऊन यायचं ते दुपारपर्यंतच, म्हणून वेल पत्र्यावर चढवला. मुळाशी हिराबाई कोळणीचं मासे धुतलेलं पाणी. सकाळी नर फूल तोडून मादी फुलाला टेकवायचा, ते देवाला वाहिल्यासारखं. पाच फळं धरली, त्यांतली चार कोवळी असतानाच खुडली. ‘एका वेलार एकच रे. नायतर सगळेच बारके रवतले.’ खुडलेली वहिनींनी शिजवली. घरात दुसरी भाजी नव्हती.

पाचवा उतरवायला चौघे लागले. सगळी चाळ जमली. मी कामगार नाटकांतला खलनायक, गर्दी दिसली की मला राहवत नाही. बाकड्यावर चढून गरजलो, ‘ज्या दिवशी संप मिटेल, त्या दिवशी हा चिरायचा! अख्ख्या चाळीला भाजी!’ काय टाळ्या पडल्या! आजही आठवल्या की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. मी ते वाक्य संध्याकाळपर्यंत विसरलो. बाबीदादा विसरला नाही.

भोपळा त्याच्या खाटेखाली राहिला. पुढे घरात नुसती पेज उरली, तेव्हा वहिनींनी मला बोलावलं. पिकल्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, अशी आमच्याकडची रीत. ‘भावजी, तुमी लावा. पोरां उपाशी आसत.’ मी सुरी घेतली, तर बाबीदादा दारात. ‘चाळीक शब्द दिलो हा. कोणाचो? तुझोच मा?’

‘अरे, नाटक होतं ते,’ एवढंच म्हणायचं होतं. मी सुरी खाली ठेवली. नायकाचं काम आलं की मी संवाद विसरतो.

आणि संप मिटला कधी? तुम्हीच सांगा. कुणी मान खाली घालून कामावर गेला, कुणी कोकणात परतला. मिटला असं जाहीर कुणीच केलं नाही. त्या जाहीर होण्याची वाट बघत भोपळा खालून नासला. वास सुटला तेव्हा बाबीदादाने तो गोणपाटात बांधून एकट्यानेच ओढत नेला. वहिनींनी पुन्हा कधी घरात भोपळा आणला नाही.

तेराव्याला गेलो, तर त्याच्या फोटोसमोर बाजारातला लाल भोपळा, अख्खा. वहिनींनी सुरी पुढे केली. मी हात लांबवला, तशी मागे घेतली आणि स्वतःच भोपळ्यात खुपसली. खोलीतल्या म्हाताऱ्या बायका ‘अगो, अगो’ करत राहिल्या. वहिनी फोटोकडे बघून म्हणाल्या, ‘अहो, मिटलो संप. आता जेवा.’

भाजी शिजली, अख्ख्या चाळीला वाढली. माझ्या पानात वहिनींनी दोनदा वाढली. मी दोन्ही वेळा पान स्वच्छ केलं.