मागे राहिलेली सोबतीण

साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की पुरुषोत्तमनगरात मळीचा आंबूस वास भरतो. काल तो खिडकीतून आला, तेव्हा मी फोनवर मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये भांडत होते. अंतराळात भटकणाऱ्या कप्तानाच्या आमच्या जुन्या मालिकेत त्याची सोबतीण पुन्हा बदलली होती. मी ग्रुपसाठी टाइप केलं, "सोबती बदलल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही."

हेच मी लहानपणी सुमलीला ऐकवलं होतं. ती सातपुड्यातून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली, माझ्याच वयाची. दर रविवारी उसाच्या पाचटाने ओरखडलेले हात मांडीखाली दाबून आमच्या टीव्हीसमोर बसायची. त्या रविवारी कप्तान जुन्या सोबतिणीला ओसाड ग्रहावर सोडून निघाला.

"तो तिले लेवाले का बर उना नही?" तो तिला न्यायला परत का आला नाही, म्हणून सुमली रडवेली झाली.

"नवी उनी नही तर गोष्ट पुढे कशी जाई?" मी हसले.

हंगाम संपला. ट्रकमध्ये चढताना ती ओरडली, "तिन्हं काय व्हयनं ते देखी ठेव! पुढला साल मी ईसू." त्या सोबतिणीचं पुढे काय झालं, ते ती पुढच्या साली आली की मी तिला सांगायचं होतं.

टोळ्या परत येतातच, म्हणून आम्ही वसाहतीतली मुलं कधी कुणाचं गाव विचारत नसू. पुढच्या साली दुसरीच टोळी आली. मी शेजारच्या मुलीला सुमलीच्या जागी बसवलं आणि मालिका बघत राहिले.

ते वाक्य मी काल पाठवलं नाही. सुमलीचं गाव मला आजही माहीत नाही.