लावलेत

टेकडीवर मामाचं पॅराग्लायडर पसरायचं, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, कापडात अडकलेले काटे काढायचे आणि तो उडाला की त्याला आणायला जीप घेऊन खाली जायचं, यातच आमच्या मामीचा जन्म गेला. उन्हानं कापड विरतं, म्हणून ते आधी सावलीत ठेवायचं. मामी उन्हात करपली तरी चालतं. तिच्या गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकलेत.

मामा उडण्याआधी ती एकच विचारायची, "पट्टे?" म्हणजे मांड्यांचे पट्टे. ते लावायचे राहिले, तर माणूस वर गेल्यावर बैठकीतून निसटून थेट खाली. मामा वैतागून म्हणायचा, "लावलेत!"

परवा दुपारी जेवून मामा कॉटवर घोरत पडला होता. मामीनं त्याच्या अंगावर चादर टाकली आणि गंमत म्हणून कानाशी विचारलं, "पट्टे?"

"लावलेत," मामा झोपेतच म्हणाला आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागला.

मी पोट धरून हसलो. मामी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर वारा छान होता. मामीनं काही विचारलंच नाही. कण्हत कण्हत ती गुडघ्यांवर बसली आणि मामाचा एकेक पट्टा हातानं ओढून पाहिला.

"आता एवढाही विश्वास उरला नाही का माझ्यावर?" मामा फणकारला.

"तुमच्यावर आहे हो," मामी म्हणाली. "त्या 'लावलेत'वर नाही. ते तुम्हाला झोपेतही येतं. द्या हात, उठवा मला."