अव्वांची डाळ आणि झिऱ्याचं पाणी

आमच्या अव्वांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, बोअरवर भारी राग. नळाला बोअरचं पाणी आलं खरं, पण त्यात तुरीची डाळ काही केल्या शिजत नाही. बसवकल्याणपासून गुलबर्ग्यापर्यंत शिवारात तूर रगड, आणि ताटात ती दाताखाली कचाकचा लागायची! म्हणून नदी आटली की अव्वा वाळूत झिरा उकरायच्या. हातभर खड्डा, त्यात पाझरून आलेलं गोडं पाणी. वाटीवाटीनं घागर भरून आणायच्या आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "माझी डाळ लोण्यावानी शिजती!"

"अव्वा, झिऱ्याला कुलूप लावा," मी म्हणायची.

"लावते. चावी तुला देत न्हाई."

नणंद उमरग्याला दिलेली. तिथंही बोअरच, तोही नवा. सून नवी, बोअर नवा; विहीणबाईंनी दोष दिला सुनेला. डाळ कच्ची राहिली की रोज एकच, "आईनं काय शिकवलं का न्हाई?" पोरगी फोनवर रडायची. अव्वांना रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही.

या उन्हाळ्यात नणंदेला माहेरी सोडायला विहीणबाई स्वतः यायच्या होत्या. "येऊ दे. दाखवते त्यांना डाळ," अव्वांनी पदर खोचला.

आणि त्या यायच्या त्याच सकाळी मोबाईलवर आलं, वरच्या धरणाचं पाणी सोडलंय! सगळं गाव नदीवर. अव्वांनी रीतीनं हळद-कुंकू वाहिलं, ओटी भरली, आणि मग नदीलाच झापलं, "इतके दिस कुठं उलथली होतीस बाई? आजच बरी सुचली!" झिरा गढूळ पाण्याखाली गेला होता. मला हसू आवरेना.

"आता बोअरचंच," अव्वा म्हणाल्या.

"चिमूटभर सोडा टाकू?"

"हात मोडीन!"

कुकर शिट्ट्या मारून मारून दमला. पंगतीत विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. नणंदेनं मान खाली घातली.

"अगं बया! तुमची बी शिजली न्हाई की!"

"न्हाई बघा. जन्म गेला चुलीपुढं, पण या पाण्यापुढं हात टेकले," अव्वा म्हणाल्या. एवढ्या गरीब आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

विहीणबाई सुनेकडं बघत राहिल्या. "मग हिला मी कामून बोलायले?" असं म्हणून त्यांनी लोणचं मागून घेतलं, आणि सुनेच्या ताटातही वाढलं.

दुपारच्या बसनं त्या गेल्या. तोवर शेजारणीनं भिंतीवरून विचारून घेतलं होतं, "काय अव्वा, लोणी कुठं गेलं?" अव्वांनी उष्टी ताटं उचलून आत नेली. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ज्वारी काढायला गेले तर पोत्यांमागं घागर. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. आत काठोकाठ नितळ पाणी.

"अव्वा! हे कवा भरलाव?"

"काल."

"मग सकाळी कामून काढलं न्हाई?"

"खुळी का तू? माझी मऊ शिजली असती, तर लेकीचीच चूक ठरली असती की."

अव्वांनी डाळ निवडायला घेतली होती.

"लेक उपाशीवानी दिसायली. कुकर लाव," त्या म्हणाल्या. "आन दार लावून घे आधी. गल्लीत कळाया नको."