मिलिंदच्या बोटांना जमणारा खेळ

जितूचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या घरी पोळ्या लाटत होते. "ताई, आप आ जाओ," एवढंच तो म्हणाला. कॅम्प दोनच्या बाजारात कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून न थकणारा जितू पुढे काही बोलेना, तेव्हाच मला कळलं. अंबरनाथला, मोरिवलीच्या घरात, माझा धाकटा भाऊ मिलिंद गेला होता. छातीत कफ साठला होता आणि तो खोकून बाहेर काढण्याइतकीही ताकद अंगात उरली नव्हती...

मिलिंद शाळेत असतानाच त्याचे स्नायू दुबळे व्हायला लागले. आधी पाय गेले, मग हातही जाऊ लागले. मित्र पांगले, जितू तेवढा राहिला. रविवारी दुकान बंद करून तो स्कूटरवर यायचा आणि दोघं कॉम्प्युटरवर आळीपाळीनं गाड्यांची शर्यत खेळायचे. त्यांचा वाद ठरलेला. "पीसी गेमिंग का टाइम खतम," जितू म्हणायचा. "आता लोक टीव्हीला कन्सोल लावणार, डिस्क टाकणार, खेळणार. ना कार्ड बदलायची कटकट, ना फॉरमॅट." मिलिंद ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "तू बघ, कॉम्प्युटरच टिकणार." का, ते मात्र सांगायचा नाही.

मिलिंदच्या एका वाढदिवसाला जितू नवाकोरा कन्सोल घेऊन आला. टीव्हीला जोडून त्यानं खेळायचा रिमोट मिलिंदच्या हातात ठेवला. शर्यत सुरू झाली. मिलिंदचा अंगठा बटणापर्यंत पोचला, पण बटण दाबलं जाईना. मागच्या बटणांवर तर बोटं वळलीच नाहीत. त्याची गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि बाकीच्या निघून गेल्या. जितूनं टीव्ही बंद केला. मिलिंदच म्हणाला, "कॉम्प्युटरवर मी सगळी बटणं माऊसवर आणून ठेवलीत. हात आणखी गेला की परत बदलतो. ह्याच्यात ते नाही होत रे." कॉम्प्युटर टिकणार, असं तो का म्हणायचा ते मला त्या दिवशी समजलं. तो टिकला नसता, तर मिलिंदला खेळायला काहीच उरलं नसतं.

जितू कन्सोल परत घेऊन गेला. पुढच्या रविवारी तो एक माऊस घेऊन आला. दुकानात बसून, उघडून, त्याची बटणं त्यानं हलकी करून आणली होती. तो वाद त्यानं पुन्हा काढला नाही. मिलिंदच चिडवायचा, "काय रे, टाइम खतम ना?" जितू म्हणायचा, "चल बे, गाडी चालव."

शेवटच्या रविवारी मिलिंदचं एकच बोट चालत होतं. जितू त्याला खेटून बसला. "तू वळव, ब्रेक मी सांभाळतो." दोघांनी मिळून एकच गाडी चालवली. ती सगळ्यात शेवटी पोचली. मिलिंद इतका हसला, की त्याला धाप लागली...

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा विधी होऊनही आता काही आठवडे झाले. मिलिंदला कॉम्प्युटर चालू करता येत नसे, म्हणून बाबा कारखान्यात निघताना तो लावून जायचे. मग दिवसभर त्याला कुणाला हाक मारावी लागत नसे. परवा मी माहेरी मुक्कामाला होते. सकाळी बाबांनी डबा घेतला, आत जाऊन कॉम्प्युटर लावला आणि चपला घालून ते कामाला गेले. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर सुरू झाली. मी बंद करायला उठले.

"राहू दे," आई म्हणाली. "दुपारी मी करते."